अधांतरी : ‘अप इन द एअर’ पाहून

लग्नासाठी काढलेला स्नानसंस्काराचा दाखला सहा महिन्यांहून जुना असला तर चालत नाही, हे आपल्या बहुतेक कुटुंबांना ठाऊक आहे. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने तो दाखला माझ्या कार्यालयातून दोन वर्षांत तीनदा नेला. पहिले दोन जुने झाले, तिसरा होण्याच्या बेतात होता. मुलगी तीच, तिच्या घरचे तेच, दोन्ही आया एकमेकींना नाताळात करंज्या पाठवीत होत्या. अडत होते ते फक्त तारखेवर. रुग्णालयांना यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीत तो नोकरीला आहे आणि महिन्याचे वीस दिवस रायपूर, इंदूर, हैदराबाद, कोची असा फिरतीवर असतो. “या तिमाहीचं टार्गेट होऊ द्या, फादर,” हे त्याचे ठरलेले उत्तर. तिसऱ्या वेळी मी जरा खडसावून विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “आधी एक इंग्रजी सिनेमा पाहा. माझीच गोष्ट आहे. फक्त शेवट तेवढा दिग्दर्शकानं बिघडवलाय.” हे सारे त्याच्या संमतीने आणि त्याची ओळख पटणार नाही एवढा फेरफार करून लिहीत आहे.

तो चित्रपट मी रात्रीच्या जेवणानंतर एकट्याने पाहिला आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिला. ‘अप इन द एअर’ हे त्याचे नाव. जेसन राइटमन यांनी दिग्दर्शित केलेला हा अमेरिकन चित्रपट डिसेंबर २००९ मध्ये पडद्यावर आला. वॉल्टर कर्न यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. ऑस्करसाठी त्याला सहा नामांकने मिळाली. पारितोषिक मात्र एकही मिळाले नाही. चित्रपट पाहून पुष्कळ वर्षे झालेले वाचकही असतील; त्यांनी तो पुन्हा पाहावा असे मला वाटते, आणि ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना आधीच सांगून टाकतो की, मुलाबाळांसह एकत्र बसून पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे. भाषा जागोजागी सैल आहे, एकदोन प्रसंग उघडेवाघडे आहेत, आणि त्यातील प्रेमप्रकरण विवाहाच्या बाहेरचे आहे. पतिपत्नींनी मात्र तो जरूर पाहावा. शक्य तर मुले झोपल्यावर.

प्रथम नावाविषयी. या इंग्रजी शब्दप्रयोगाला दोन अर्थ आहेत. एक, आकाशात असलेला. दुसरा, ज्याचा अद्याप निकाल लागलेला नाही असा. मराठीत ‘अधांतरी’ हा शब्द जवळचा आहे, पण त्यात उडण्याची मजा नाही, लोंबकळण्याचे दुःख तेवढे आहे. आपल्या भाषेत अधांतरी राहावे असे कोणाला वाटत नाही. तिथे माणूस टाकला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणीसंपानंतर देशोधडीला लागलेल्या एका कामगार कुटुंबाची कथा जयंत पवार यांनी नाटकात मांडली, तेव्हा त्यांनी नाटकाला ‘अधांतर’ हेच नाव दिले. (पुढे त्यावरून महेश मांजरेकर यांनी २०१० साली ‘लालबाग परळ’ हा चित्रपट काढला.) राइटमन यांच्या चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की, त्यात हे दोन्ही अधांतर समोरासमोर बसलेले आहेत, टेबलाच्या दोन बाजूंना. एकाने ते हौसेने स्वीकारले आहे, आणि दुसऱ्यावर ते लादण्याचा त्याला पगार मिळतो.

हा पहिला माणूस म्हणजे नायक रायन बिंगहॅम. जॉर्ज क्लूनी या देखण्या नटाने ही भूमिका इतक्या सहजतेने केली आहे की, या माणसाचा राग येत नाही. हीच त्या अभिनयाची खरी करामत. ओमाहा शहरातील एका कंपनीत तो काम करतो. ज्या मालकांना आपल्या नोकरांना स्वतःच्या तोंडाने ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगण्याचे धैर्य होत नाही, त्यांच्या वतीने ते सांगायला जाणे हा त्याचा व्यवसाय. गोड आवाज, नीट इस्त्री केलेला सूट, हातात एक पाकीट. वर्षातले ३२२ दिवस तो फिरतीवर असतो आणि उरलेले ४३ दिवस घरी काढावे लागतात याचे त्याला वाईट वाटते. त्याचे घर म्हणजे पांढऱ्या भिंतींची एक खोली. धर्मशाळेतसुद्धा याहून अधिक माया असते. बायको नाही, मूल नाही, दोन बहिणी आहेत त्यांच्याशी फारसे बोलणे नाही. त्याला हवी आहे एकच गोष्ट : विमान कंपनीच्या खात्यात एक कोटी मैल जमा करायचे. आजवर सहाच माणसांनी ते केले आहेत, हा सातवा होणार. मूळ कादंबरीत हे उद्दिष्ट दहा लाख मैलांचे आहे. चित्रपटवाल्यांनी ते दहापट केले. मी सहज हिशेब करून पाहिला. एक कोटी मैल म्हणजे चंद्रावर वीस वेळा जाऊन परत येण्याइतके अंतर.

चित्रपट विनोदी आहे, हे सांगायला हवे; नाही तर माझ्या लिहिण्यावरून तो रडका वाटायचा. रायन आणि ॲलेक्स यांची हॉटेलातील पहिली भेट पाहावी. ॲलेक्सही त्याच्यासारखीच सतत फिरतीवर असणारी बाई (व्हेरा फार्मिगा). दोघेही आपापली सवलतीची कार्डे टेबलावर पत्त्यांसारखी टाकून कोणाचे कार्ड वरच्या दर्जाचे याची चढाओढ लावतात, आणि त्यातूनच त्यांची मने जुळतात. विमानतळावरील तपासणीच्या रांगेत कोणामागे उभे राहावे याचेही रायनचे शास्त्र आहे. आशियाई माणसांमागे उभे राहावे, असे तो सांगतो, कारण ते थोडे सामान नेतात आणि त्यांची पादत्राणे चटकन निघतात. एखाद्या जातीच्या माणसांविषयी सरसकट असे बोलणे बरे नव्हे, परंतु मला हसू आले ते वेगळ्या कारणाने. या गृहस्थाने आमच्या सोनेगाव विमानतळावर सुतळीने बांधलेली खोकी, लोणच्याच्या बरण्या आणि लेकीकडे निघालेल्या आयांच्या पिशव्या पाहिलेल्या नाहीत.

रायनचा एक जोडधंदा आहे, व्याख्याने देण्याचा. समोर बसलेल्या लोकांना तो सांगतो की, पाठीवर एक सॅक आहे अशी कल्पना करा. तीत आधी घरातल्या वस्तू भरा, मग मोटार, मग घरच. पट्टे खांद्यात रुतू लागले की आता माणसे भरा : ओळखीचे, मित्र, भाऊबहीण, आईबाप, शेवटी बायको. चालून दाखवा. आयुष्यातील सर्वात जड वस्तू म्हणजे नाती, आणि जो थांबला तो संपला, हे त्याचे तत्त्वज्ञान. व्याख्यान मोठे आकर्षक आहे. माझा तो तरुण मित्र या प्रसंगावर खूश आहे.

मी मात्र हा प्रसंग कळमन्यात बसून पाहत होतो. इथल्या बाजाराच्या आवारात धान्याची, मिरचीची आणि संत्र्यांच्या हंगामात संत्र्यांची आवक सुरू झाली की, ओझे म्हणजे काय हे शिकवायला व्याख्याता लागत नाही. पोते पाठीवर वाहणाऱ्या हमालाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. ते पोते त्याला स्वतःला पाठीवर घेता येत नाही. दोघे जण दोन्ही बाजूंनी ते उचलून त्याच्या पाठीवर ठेवतात, मगच तो चालू लागतो. आणि उतरवतानाही कोणीतरी हात लावतो. रायनच्या सॅकेत ही दोन माणसे कुठेच नाहीत. त्याने माणसांना ओझ्याच्या बाजूला मांडले. ओझे उचलू लागणाऱ्यांच्या बाजूला मांडण्याचे त्याला सुचले नाही. चित्रपट पुढे जे काही सांगतो ते सारे या एका चुकीतून निघते, असे मला वाटते.

इथे मला स्वतःविषयी थोडे लिहिले पाहिजे, नाही तर हे परीक्षण प्रामाणिक होणार नाही. रायन बॅग भरतो तो प्रसंग दिग्दर्शकाने फार झटपट, तालात दाखविला आहे : कपाट, घड्या, चेन, खटका. तो पाहताना मला आनंद झाला, आणि लगेच लाज वाटली. कारण मीही तसाच बॅग भरतो. बायको नाही, मूल नाही, पाचसहा वर्षांनी बिशपांचे पत्र येते आणि एक पत्र्याची पेटी व पुस्तकांची दोन खोकी घेऊन मी दुसऱ्या धर्मग्रामात जातो. गुरुविद्यालयात आम्हांला विरक्ती शिकविली गेली, आणि मीही पुढे अनेक प्रवचनांतून ओझे कमी करा असे लोकांना सांगितले. मग या माणसात आणि माझ्यात फरक तो कोणता? तो पैशासाठी फिरतो व मी देवासाठी, हे उत्तर फार सोपे आहे. ते मी त्या रात्री स्वतःला देऊन पाहिले. झोप आली नाही.

दुसऱ्या रात्री पाहताना लूककृत शुभवर्तमानातील तो प्रसंग आठवला, जिथे प्रभू येशू बारा शिष्यांना गावोगाव पाठवितो आणि वाटेसाठी झोळीसुद्धा घेऊ देत नाही. लहानपणापासून मी याचा अर्थ ‘हलके राहा’ असा घेत आलो. पण त्याच आज्ञेचा पुढचा भाग असा आहे की, ज्या घरात तुम्हांला घेतील तिथेच राहा. झोळी नसलेल्या माणसाला संध्याकाळी कोणाचे तरी दार वाजवावेच लागते; त्याला भाकरी कोणाच्या तरी चुलीवरची खावी लागते. शिष्यांजवळ झोळी नव्हती ती घरांची गरज राहावी म्हणून. रायनची बॅग आहे ती कोणत्याच घराची गरज पडू नये म्हणून. दोघेही हलके, पण तोंडे उलट दिशेला. आणि माझी पेटी यांतल्या कोणत्या जातीची आहे हे बिशपांच्या पत्रावरून ठरत नाही. मी निघताना कोणाच्या घरात माझे काही राहिले का, यावरून ठरते. याचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामापुरते वेगळे आहे, आणि दोनएक ठिकाणांपुरते ते मला आवडणारे नाही.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या माणसांकडे वळू. राइटमन यांनी इथे एक विलक्षण गोष्ट केली. २००८ च्या मंदीत सेंट लुइस आणि डेट्रॉइट या शहरांत ज्यांच्या नोकऱ्या खरोखर गेल्या होत्या, अशा माणसांना त्यांनी जाहिरात देऊन बोलावले आणि त्या वेळी तुम्ही काय बोललात, किंवा काय बोलायला हवे होते, ते कॅमेऱ्यासमोर बोला, असे सांगितले. चित्रपटात दिसणारे यांतले बहुतेक चेहरे त्यांचे आहेत. अभिनेत्यांचे काही प्रसंग त्यात मिसळलेले आहेत. पण जो माणूस खरोखर घरी जाऊन बायकोला ही बातमी सांगून आलेला आहे, त्याचे डोळे वेगळे असतात. शेवटच्या नामावलीत वाजणारे गाणेही सेंट लुइसमधील नोकरी गेलेल्या एका गृहस्थानेच लिहून, स्वतः गाऊन, कॅसेटवर दिग्दर्शकाच्या हाती दिलेले आहे. आमच्या नागपुरात १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. तिथे उमेदीची वर्षे घालविलेली माणसे मला भेटलेली आहेत. भोंगा बंद होऊन कित्येक वर्षे लोटली तरी पहिल्या पाळीच्या वेळेला जाग येऊन अंथरुणात बसून राहणाऱ्या एका वृद्धाला मी ख्रिस्तप्रसाद द्यायला जात असे. पडद्यावरील त्या अमेरिकन चेहऱ्यांत मला तो दिसला.

याच बाबतीत चित्रपटाविषयी माझी एक तक्रारही आहे. अखेरीस हीच माणसे पुन्हा येतात आणि बायकोमुलांच्या आधाराने आपण तरलो असे सांगतात. त्यांचे बोलणे खरे असेल. परंतु दिग्दर्शकाने ते नेमक्या त्या जागी ठेवल्यामुळे कुटुंब हे जणू नोकरी घालविणाऱ्यांच्या सोयीसाठी निर्माण झालेले औषध ठरते. ‘अधांतर’ नाटकात असे होत नाही. तिथे गिरणी बंद पडते तेव्हा तिच्याबरोबर घरही पोखरले जाते. भाऊ भावापासून तुटतो, एक मुलगा गुंडगिरीत जातो आणि आई सगळ्यांना धरून ठेवता ठेवता थकते. कुटुंबावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच मला पवारांचे चित्र अधिक खरे वाटते. भाकरी गेली की घराला किती सोसावे लागते हे आपल्या पंथातल्या घरांनी पाहिलेले आहे. आणखी एक खुपले. ज्या चित्रपटात या माणसांचे अश्रू आहेत, त्यातच एका विमान कंपनीची आणि एका हॉटेल साखळीची नावे जाहिरातीसारखी पुनःपुन्हा चमकतात.

नॅटली या तरुणीचे पात्र (ॲना केंड्रिक) मात्र चित्रपटाला सावरून धरते. तेवीस वर्षांची, नुकती शिकून आलेली ही मुलगी कंपनीला सुचविते की, विमानाने माणसे पाठविण्याचा खर्च कशाला? ओमाहात बसून संगणकाच्या पडद्यावरूनच लोकांना कामावरून कमी करता येईल. रायन चवताळतो, कारण त्याचे उडणे बंद होणार. तो तत्त्वाच्या गोष्टी बोलतो : समोर बसून सांगण्यात माणुसकी आहे, इत्यादी. त्याचे म्हणणे बरोबर आहे आणि हेतू स्वार्थी आहे. असे आपल्या सर्वांचे अनेकदा होते. डेट्रॉइटच्या प्रसंगात नॅटली पडद्यावरून एका वयस्क माणसाला निरोप देते, तो रडू लागतो, आणि आपल्या लक्षात येते की तो भिंतीपलीकडच्या खोलीतच बसलेला आहे. २००९ साली हे अतिशयोक्त वाटले असेल. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतील बेटर डॉट कॉम या घरकर्ज देणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने सुमारे ९०० कर्मचाऱ्यांना झूमवरील एकाच छोट्या बैठकीत काढून टाकले, तेव्हा ही कल्पना कोणालाच अतिशयोक्त वाटली नसेल.

नॅटलीचा प्रियकर तिला मोबाइलवर संदेश पाठवून सोडून देतो आणि ती हॉटेलच्या दालनात हमसून रडते. रायन तेव्हा चटकन म्हणून जातो की, हे संगणकावरून नोकरी काढण्यासारखेच झाले. वाक्य विनोदी आहे, पण प्रेमातला निरोप आणि नोकरीतला निरोप यांची गाठ तिथे पक्की बसते. पुढे एक बाई अगदी शांतपणे सांगते की, घराजवळ एक सुंदर पूल आहे, त्यावरून मी उडी टाकणार. लोक असे बोलतातच, असे म्हणून रायन नॅटलीची समजूत घालतो. ती बाई खरोखर उडी टाकते. मालक विचारतो तेव्हा रायन ‘आठवत नाही’ असे सांगतो. त्याने आजवर शेकडो माणसांना निरोप दिले आणि कोणाच्याही आयुष्याचे पुढचे पान उलटून पाहिले नाही, याची शिक्षा चित्रपट त्याला कोर्टात देत नाही. ‘आठवत नाही’ हे शब्द त्याच्याकडून वदवून घेतो. नॅटली राजीनामा देते, तोही संदेशावरूनच.

पण चित्रपटाचा प्राण मला एका पुठ्ठ्यात सापडला. धाकटी बहीण ज्युली हिचे लग्न ठरले आहे. मधुचंद्राला जाण्याइतके पैसे नाहीत, म्हणून तिने नियोजित नवऱ्यासह स्वतःचा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून कापला आहे आणि ज्याला त्याला गळ घातली आहे की, तुम्ही जिथे जाल तिथे हा पुठ्ठा उभा करून फोटो काढा. एका तळहाताचीही जागा वाया न घालविणाऱ्या रायनच्या बॅगेत तो मावत नाही. बहीण-मेहुण्यांची मुंडकी बाहेर काढून तो विमानतळावरून चालतो, चिडतो, एकदा तर तो पुठ्ठा वाचविताना पाण्यात पडतो. पण वाहतो. मोठ्या तत्त्वांना जे जमले नाही ते या बेंगरूळ पुठ्ठ्याने केले. उत्तर विस्कॉन्सिनमधील लग्नघरी तो पोहोचतो आणि कौतुकाने आपले फोटो लावायला जातो, तर भिंतीवरील अमेरिकेचा नकाशा इतरांनी आणलेल्या फोटोंनी आधीच भरून गेलेला. त्याला त्याचे फोटो लावायला कोपरा शोधावा लागतो. बहिणीला वेदीपर्यंत मी घेऊन जाऊ का, असे तो भीतभीत विचारतो. ते काम नवऱ्या मुलाच्या काकाला केव्हाच दिलेले असते. संवाद साधे आहेत, कोणी टोमणा मारत नाही. थोरल्या भावाची जागा कोणी हिसकावून घेतली नव्हती. ती रिकामी राहिली म्हणून दुसऱ्याने भरली, एवढेच.

मग लग्नाच्या दिवशी नवरा मुलगाच बिचकतो. चर्चमधल्या लहान मुलांच्या वर्गात तो बाकावर बसून राहतो, आणि त्याची समजूत घालायला पाठवितात कोणाला, तर रायनला! या प्रसंगी मी मोठ्याने हसलो. विवाहपूर्व शिबिरांतून पंचवीस वर्षे मी जे सांगत आलो ते, ज्याचा त्यावर विश्वास नाही असा माणूस, माझ्याहून बरे सांगतो. नवऱ्या मुलाची तक्रार अशी की, लग्न, मग घर, मग मुले, मग आपले केस गळणे, मग मरण. या साऱ्याला अर्थ काय? रायन अर्थाच्या फंदात पडत नाही. तो विचारतो, तुझ्या सर्वात सुखाच्या आठवणींत तू एकटा होतास का? मुलगा उठतो. समजूत घालणारा मात्र आपल्याच प्रश्नात अडकतो. दोनाचे चार हात करून देणारा स्वतः त्या दोन हातांचे काय करावे हे न कळल्यासारखा मागे उभा राहतो.

यानंतर जे घडते त्यावरच आमचा, म्हणजे त्या तरुणाचा आणि माझा, वाद आहे. लास वेगासला आपले सॅकेचे व्याख्यान अर्ध्यावर टाकून रायन थेट शिकागोला ॲलेक्सच्या दारात जातो. दार उघडते, आतून मुलांच्या धावण्याचे आवाज येतात, मागून एका पुरुषाचा आवाज विचारतो, कोण आहे? ॲलेक्स उत्तर देते की, वाट चुकलेला कोणीतरी आहे. नंतर फोनवर ती त्याला स्पष्ट सांगते की, तू माझ्या नेहमीच्या जीवनातला एक विसावा होतास, वाक्यातल्या कंसासारखा. तरुणाचे म्हणणे असे : जो माणूस अखेर शब्द द्यायला निघाला त्याला दिग्दर्शकाने असे तोंडघशी का पाडावे? मग कोणी शब्द द्यावाच कशाला?

मला हा शेवट योग्य वाटतो. दिग्दर्शकाने दुसरा शेवट केला असता, म्हणजे दार उघडताच ॲलेक्सने त्याला मिठी मारली असती, तर रायनची वीस वर्षे एका धावपळीत माफ झाली असती, आणि शब्द देणे म्हणजे योग्य क्षणी विमान पकडणे, असा समज घेऊन आपण उठलो असतो. हिंदी चित्रपटांनी आपल्याला विमानतळावरच्या त्या शेवटाची सवय लावलेली आहेच. रायनने ॲलेक्सला कधी विचारलेच नव्हते की, तुझ्या घरी कोण कोण आहे. न विचारणे हा दोघांचा करार होता, आणि तिने तो पाळला. चित्रपटाने ॲलेक्सला थोडा अन्याय केला आहे हे खरे. तिचे घर आपल्याला दाराच्या फटीतून दिसते तेवढेच दिसते आणि तिचे एकटेपण, असलेच तर, आपल्याला कळत नाही. पण माझे मन अडकले ते त्या आतल्या आवाजात. ‘कोण आहे?’ एवढेच विचारणारा तो नवरा पडद्यावर धड दिसतही नाही. त्याला जे उत्तर मिळाले त्यावर विश्वास ठेवून तो जेवायला बसला असेल.

परतीच्या विमानात एक कोटी मैल पूर्ण होतात. मुख्य वैमानिक शेजारी येऊन बसतो, अभिनंदन करतो, आणि सौजन्याने विचारतो, आपण कुठले? रायन सांगतो, इथलाच.  आमच्या नागपुरात शून्य मैलाचा स्तंभ आहे. जबलपूर, हैदराबाद, चांदा, छिंदवाडा अशी अंतरे तिथे कोरलेली आहेत. शाळेच्या सहलीत मुले विचारतात की, शून्य मैल म्हणजे काहीच नाही ना, मग एवढा खांब कशाला? रायनजवळ एक कोटी मैल आहेत आणि तो खांब नाही. त्याला बोलायचे होते ते सारे या क्षणासाठी त्याने अनेक वर्षे मनात घोळविले होते, आणि आता आठवत काहीच नाही.

नंतर तो एक चांगले काम करतो, आणि दिग्दर्शक त्याचा गाजावाजा करीत नाही. बहीण-मेहुण्यांना जग फिरता यावे म्हणून आपल्या खात्यातील मैल त्यांच्या नावे करण्याची तो व्यवस्था करतो. नॅटलीसाठी नव्या मालकाला शिफारसपत्र लिहितो. कंपनी पडद्यावरून निरोप देण्याचा बेत गुंडाळून ठेवते आणि त्याला पुन्हा फिरतीवर पाठविते. शेवटी विमानतळावरील गावांच्या नावांच्या भल्यामोठ्या फलकापुढे तो उभा आहे. आपल्या बॅगेचा दांडा त्याच्या हातातून सुटतो.

परवा रात्री त्या तरुणाचा हैदराबादहून फोन आला. माझे हे लिहिणे मी त्याला वाचून दाखविले होते.

“फादर, बॅग त्यानं मुद्दाम सोडली की हातातून निसटली?” त्याने विचारले.

“मी दोनदा पाहिलं. सांगता येत नाही.”

“मुद्दामच सोडली.”

“मग तुझं म्हणणं शेवट बिघडवला, ते राहिलं का?”

तो थोडा वेळ बोलला नाही. मागे कुठल्या तरी विमानाची घोषणा चालू होती. मग म्हणाला, “तिनं अजून पाहिलेला नाही हा सिनेमा. सुट्टीत आलो की दोघं मिळून पाहू म्हणतोय.” सुट्टी कधी, हे मी विचारले. येत्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, असे तो म्हणाला. तिसरा दाखला त्याआधी चार दिवस जुना होतो, हे मी त्याला सांगितले नाही. नोंदवही काढून चौथा लिहून ठेवला आहे, फक्त तारीख तेवढी घातलेली नाही.